गोव्यातल्या जुन्या चिऱ्याच्या घराची डागडुजी: आधी पाण्याची वाट, मग चुना, रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: बार्देशातलं १८९० च्या सुमाराचं घर तीन भावंडांकडे वारशाने आलं आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, समोर बाल्कांव (बसायला बाकं असलेली दर्शनी ओसरी), शिंपल्यांच्या खिडक्या, आत शिसवी सामान. १९९० च्या दशकात भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर कमरेइतक्या उंचीपर्यंत रंग फुगतो आणि पोपडे पडतात. कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफिंग करू, वर पुट्टी मारू, चांगल्या कंपनीचा रंग देऊ. करावं का? आणि आतल्या जुन्या वस्तूंचं काय करायचं?

उत्तर: नको. रंग हा शेवटचा टप्पा आहे, पुट्टीची इथे गरज नाही आणि वॉटरप्रूफिंग हेच तर दुखणं आहे. मागच्या खेपेला सिमेंट लावून तेच केलं होतं.

पोर्तुगीज अमदानीतल्या, म्हणजे १५१० ते १९६१ या काळातल्या गोव्याच्या घरांचा तोंडवळा युरोपी वाटतो, पण हाडं इथलीच आहेत: जांभा, चुना, साग, माट्टी म्हणजे ऐन, शिंपले. या भिंतींत जोत्यापाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल चिऱ्याच्या छिद्रांतून चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. साठ-सत्तर सेंटिमीटर जाडीची ही भिंत पूर्ण कोरडी कधीच नव्हती. ती पावसाळ्यात भिजायची आणि दिवाळीनंतर वाळायची. सिमेंटचा गिलावा चिऱ्याहून घट्ट असतो. त्याने वाळण्याची वाट बंद केली की पाणी त्याच्या मागून वर चढत राहतं आणि जिथे तडा सापडेल किंवा सिमेंट संपेल तिथे बाहेर पडतं. पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडालं की त्यांचे स्फटिक रंगाखाली वाढतात आणि वाढताना रंगाला ढकलतात. रंग कितीही महागाचा असो, तो पडणारच.

भिंतीला भोकं पाडून रसायन टोचण्याचा उपायही सुचवला जाईल. एकसंध विटांच्या भिंतीत त्याचा थोडाफार उपयोग होतो. इथे दोन्ही तोंडांना चिरे आणि मध्ये कपच्या, माती, पोकळ्या असं पोट असतं. टोचलेलं द्रव पोकळीत निघून जातं आणि सलग थर बनत नाही. तो पैसा कौलांवर घाला.

हातात वेळ असेल तर एक पावसाळा फक्त पाहण्यात घालवा. हा वेळ वाया जात नाही. ओल जिथवर चढली असेल तिथे दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा. जमिनीपासून वर चढणारी ओल साधारण आडव्या पट्ट्यात दिसते आणि पाऊस थांबल्यावरही बराच काळ टिकते. कौलातून आलेली ओल वरून खाली ओघळते आणि पावसाबरोबर वाढते, कमी होते. खिडकीभोवतीची ओल बहुतेक वेळा नैर्ऋत्येच्या झडीची असते. या तिन्ही ओलींचे उपाय वेगळे आहेत आणि इथे गल्लत झाली की पुढचा सगळा खर्च चुकीच्या जागी होतो. भिंतीला तडे असतील तर प्रत्येक मोठ्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि तारीख टाका. वर्षभरात काच फुटली नाही तर तडा जुना आणि शांत आहे, चुन्याने भरून टाका. फुटली तर पाया किंवा छत हलतंय. तिथे गवंडी नव्हे, जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर आधी आणा.

मुसळधार पावसात विजेरी घेऊन माळ्यावर एक तास बसणं हे सगळ्यात स्वस्त सर्वेक्षण. गळती कुठून होते ते खोलीतून कळत नाही. पाणी वाशावरून वाहत जाऊन दोन-तीन मीटर लांब टपकतं.

आता छप्पर. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्याआधीच्या घरांवर हाताने घडवलेली नळीची कौलं असत. तुमच्या कौलांच्या पाठीवर १८६५ किंवा १८६८ असं साल उठवलेलं सापडलं तर ते घराचं साल समजू नका. तो त्या कारखान्याच्या स्थापनेचा छाप आहे आणि पुढे कित्येक दशकं तोच वापरला गेला. मात्र छाप पाहणं कामाचं आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत दोन-चार मिलिमीटरचा फरक असतो आणि मिसळलेली कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत. उतरवलेली कौलं छापानुसार वेगळी रचा. एका छापाची धड कौलं पुढच्या उतारावर लावा, कमी पडतील ती मागच्या उतारावर नवी. मोडलेल्या घरांची जुनी कौलं विकत मिळतात. घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहा. टणटणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत तडा आहे. शंका असलेली दोन-तीन कौलं कोरडी तोलून, चोवीस तास पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर तो ढीग सोडून द्या. हिशेबासाठी, एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात आणि एक कौल अडीच ते तीन किलोचं असतं. मोडतोडीसाठी दहा टक्के जास्त धरा.

गळती बहुतेक वेळा मधल्या कौलांतून होत नाही. ती आढ्यावरच्या कोन्यांखालून, म्हणजे माथ्यावरच्या कौलांखालून होते, कारण तिथे अलीकडे सिमेंट भरतात. उन्हात कौलं आणि लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, मग केसाएवढी चीर पडते आणि पाणी आत शिरतं. कोने चुन्याच्या मसाल्यातच बसवा. दुसरी जागा म्हणजे दोन उतार मिळतात ती घळ. तिथला पत्रा गंजलेला असणारच. नवा पत्रा तांब्याचा किंवा जस्ताचा, किमान ४५ सेंटिमीटर रुंद असावा, दोन्ही बाजूंना कौलं त्यावर १० सेंटिमीटर यावीत आणि खिळे फक्त कडेला. मध्ये एक जरी खिळा मारला तरी तिथून गळेल.

कौलांखाली प्लास्टिक किंवा पत्रा अंथरून गळती बंद करण्याची सध्या पद्धत पडली आहे. त्याने टपकणं थांबतं आणि वासे कुजायला लागतात, कारण वाफ अडते आणि माळ्यावरची हवा मरते. कौलं उतरवली असतील तेव्हा रिपा बदला, वाकडे वासे सरळ करा, पण ही गादी घालू नका. त्याच न्यायाने जुनी लाकडी तक्तपोशी काढून तिथे जिप्समचं सपाट छत लावू नका. तक्तपोशीतली जाळी शोभेची नाही. गरम हवा तिथून वर जाते.

वाशांची आणि तुळयांची कुजलेली जागा बहुधा एकच असते: भिंतीत शिरलेलं टोक. टोच्याने टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर धड लाकूड लागेपर्यंत कापा आणि त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा तिरपा कलमी सांधा द्या. सांध्याची लांबी तुळईच्या खोलीच्या किमान तिप्पट. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, कारण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड फुगून लाकूड चिरतं. टोक पुन्हा भिंतीत बसवताना चारी बाजूंनी बोटभर पोकळी सोडा, मसाल्याने गच्च भरू नका. मागच्या वेळी कुजण्याचं कारण तेच होतं. आतल्या लाकडाला वाळवी आणि भुंगेऱ्यांसाठी बोरिक आम्ल २० ग्रॅम, बोरॅक्स ३० ग्रॅम आणि एक लिटर कोमट पाणी असं द्रावण ब्रशने दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात आधीचा वाळण्यापूर्वी. बोरॉन पाण्यात धुऊन जातं, म्हणून वळचणीबाहेरच्या भिजणाऱ्या टोकांना त्याचा उपयोग नाही. जमिनीत वाळवीचं औषध टोचायचं असेल तर अंगणातल्या विहिरीचं अंतर आधी मोजा. गोव्याच्या घरात विहीर भिंतीपासून चार पावलांवर असते आणि जांभ्यातून पाणी सहज पाझरतं.

छपराइतकंच महत्त्व पायाशी असलेल्या पाण्याला. जुन्या घरांना पन्हळी नसत. पागोळ्या वळचणीपासून दूर मातीत पडत आणि मुरत. आता अंगणात पेव्हर ब्लॉक येतात, अंगण चार-सहा इंच वर चढतं, पाणी पेव्हरवर आपटून भिंतीच्या तळाशी उडतं आणि उरलेलं भिंतीकडे वाहतं. कित्येक घरांत ओल याच कारणाने दुप्पट झालेली असते. भिंतीपासून ७५ ते ९० सेंटिमीटरचा पट्टा उकरून पेव्हर काढा. अंगणाची पातळी आतल्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली आणा. उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, मीटरला दोन सेंटिमीटर. पागोळ्या पडतात त्या रेषेत एक फूट खोल चर खणून खडी भरा आणि त्याचं तोंड सखल बाजूला काढा. खणताना भिंतीला अगदी लागून खोल जाऊ नका, पाया तिथेच आणि उथळ असतो. पन्हळ लावायचीच असेल तर आंब्याची पानं दर आठवड्याला काढायला माणूस हवा. तुंबलेली पन्हळ नसलेल्या पन्हळीहून वाईट. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतींसाठी जुनी झापं पुन्हा वापरात आणा. माडाच्या विणलेल्या झावळ्या भिंतीपासून वीतभर लांब, वळचणीला बांधून सोडायच्या. झड त्यांच्यावर थांबते आणि मागे हवा खेळती राहते.

एखाद्या घरात मध्ये राजांगण असेल, जसं फोंडा-पेडण्याकडच्या हिंदू वाड्यांत असतं, तर त्याची जमिनीखालून बाहेर जाणारी मोरी सगळ्यात आधी मोकळी करा. ती तुंबली की ओल घराच्या पोटातून सगळीकडे पसरते.

वरचं आणि खालचं पाणी आटोक्यात आल्यावर सिमेंटकडे वळा. पाऊस संपून हवा कोरडी झाली की, म्हणजे नोव्हेंबरपासून. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ जागा खडूने आखा आणि सुरुवात तिथून करा, खालचा एक मीटर आधी. चपट्या छिन्नीने, भिंतीशी तीसेक अंशाच्या कोनात, हातभर तुकडा सुटा करत. ब्रेकर मशीन अजिबात नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होऊन वरचं कवच कडक बनतं. ब्रेकरने ते कवच उडालं की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि दोन पावसाळ्यांत बोटाने भुगा व्हायला लागतो. जिथे सिमेंट चिऱ्याला इतकं धरून आहे की चिराच निघून येतो, तिथे ते ठेवा. थोडं सिमेंट राहिलेलं चालतं, कवच गेलेलं चालत नाही.

उघडी झालेली भिंत लगेच झाकू नका. सांध्यांतला सैल मसाला, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत, खरवडून काढा, कोरड्या ब्रशने क्षार झाडा आणि ती पूड उचलून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलं तर क्षार पुन्हा आत जातात. मग चुना एक भाग, वाळू तीन भाग असा कच्चा, सच्छिद्र गिलावा १०-१२ मिलिमीटर जाडीचा लावून पुढचा पावसाळा तसाच जाऊ द्या. हा गिलावा बळी जाण्यासाठीच आहे. क्षार भिंतीऐवजी त्यात साठतात, तो पोखरतो, भुरभुरतो, आणि पुढच्या ऑक्टोबरात तो खरवडून टाकायचा. लोकांना हे पटत नाही, कारण वर्षभर घर कुरूप दिसतं. पण समुद्राजवळच्या घरात हा टप्पा गाळला तर कायमचा गिलावाच बळी जातो.

चुन्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. पिशवीतला चुना हवेत राहून अर्धा मेलेला असू शकतो. शक्य असेल तर कळीचा चुना आणून स्वतःच्या देखरेखीखाली विझवा. टाकीत आधी पाणी, कळीच्या वजनाच्या साधारण तिप्पट, आणि त्यात थोडी थोडी कळी. उलटं, म्हणजे कळीवर पाणी, कधीही नाही. उकळून अंगावर उडतं आणि डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे लागतातच. विझलेला चुना दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, किमान तीन आठवडे मुरू द्या. तीन महिने मिळाले तर उत्तम. घाईने वापरला तर न विझलेले खडे गिलाव्यात राहतात, महिन्या-दोन महिन्यांनी आतल्या आत विझतात आणि भिंतीवर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात.

वाळू नदीची, टोकदार कणांची, धुतलेली. खाडीची वाळू आणली तर क्षार विकत घेतल्यासारखं आहे. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास गेला तर पुन्हा धुवा. कायमच्या गिलाव्याच्या पहिल्या थराला चुना १, सुर्खी १, वाळू २. वरच्या बारीक थराला चुना १, चाळलेली वाळू २, जाडी तीन ते पाच मिलिमीटर. सुर्खी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची पूड. तिच्याऐवजी चिऱ्याची लाल भुकटी घालण्याची वाईट सवय पडली आहे. रंग सारखा दिसतो, पण न भाजलेल्या भुकटीची चुन्याशी रासायनिक क्रिया होत नाही. ती नुसती माती म्हणून राहते आणि गिलावा कच्चा ठेवते. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायला हरकत नाही. त्याने मसाला कमी पाण्यात मऊ होतो. पण चुन्याच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे नको. जास्त गुळाने गिलावा धरत नाही आणि बुरशी मात्र धरते. ‘पूर्वजांचं गुप्त मिश्रण’ सांगून वाढीव दर लावणाऱ्याला पाणी किती आणि चुना किती मुरलेला, एवढे दोनच प्रश्न विचारा.

दहा चौरस मीटर भिंतीला १५ मिलिमीटरच्या साध्या एकास तीन गिलाव्यासाठी, सांधे-खड्डे धरून, साधारण १९० ते २०० लिटर वाळू आणि ६० ते ६५ लिटर मुरलेला चुना लागतो. लावण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी भिंतीला पाणी पाजा. कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा हाताला पांढरी पूड देत राहतो. एका थरात १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोन थरांत किमान आठवडा जाऊ द्या. सात ते दहा दिवस गोणपाट ओलं ठेवा आणि ऊन थेट लागू देऊ नका. बारीक जाळीसारख्या चिरा पडल्या तर चुना जास्त झाला किंवा थर भराभर वाळला. पूर्ण पापुद्रा सुटला तर खालची धूळ झाडली नव्हती. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन कडक होतो आणि हे काम महिन्याला मिलिमीटरभर अशा चालीने आत सरकतं. त्यामुळे सिमेंटच्या सवयीने आठव्या दिवशी नखाने ओरखडून ‘कच्चा आहे’ म्हणून मिस्त्रीशी भांडू नका.

झिजलेले चिरे बदलायचे तर नवे चिरे एक पावसाळाभर उघड्यावर रचून ठेवा. जे भुरभुरतील ते आपोआप वेगळे निघतात. जुना चिरा किमान दहा-पंधरा सेंटिमीटर खोल काढून नवा चुन्यात बसवा. वरून लिंपलेलं सिमेंटचं ठिगळ टिकत नाही.

वीज नेताना भिंतीत खाचा पाडू नका. वरून नळी किंवा लाकडी पट्टी, आणि एसीचा भार वेगळ्या तारेवर.

रंगाला चुन्याची सफेदीच. दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, दोन हातांत एक दिवस, प्रत्येक वेळी भिंत किंचित ओली करून. एकाच हातात दाट मारली तर पापुद्रे निघतात. रंगद्रव्य चुन्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. पिवळी माती, गेरू, हिरमंजी, अल्ट्रामरीन नीळ चुन्यात टिकतात. प्रशियन निळा चुन्यात मरून तपकिरी होतो, हे दुकानदार सांगत नाही. घराचा मूळ रंग शोधायचा असेल तर दाराच्या मागे किंवा वळचणीखाली दोन सेंटिमीटरच्या चौकोनात पातं फिरवून थरामागून थर उघडा. पणजीतल्या फोन्तेन्यस या जुन्या वस्तीतल्या घरांचे पिवळे-निळे रंग पाहून तेच मारावेत असा नियम नाही. तुमच्या भिंतीखाली वेगळाच रंग निघू शकतो आणि तोच खरा.

जमिनीवरच्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सना पॉलिश मशीन लावू नका. रंगीत थर जेमतेम तीन-पाच मिलिमीटर असतो, दोन फेऱ्यांत नक्षी जाते. आम्लानेही तेच होतं. सुटलेली टाइल पातळ पात्याने उचलून चुन्याच्या मसाल्यात परत बसवा. आणि सगळ्यावर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालण्याचा मोह टाळा. जमिनीची ओल तिथून निघेनाशी झाली की भिंतींकडे वळते. मग भिंतीवर केलेली सगळी मेहनत वाया.

शिंपल्यांच्या खिडक्या ही या घरातली सगळ्यात नाजूक आणि न परतणारी गोष्ट. काच महाग होती तेव्हा खाडीतल्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे आयताकृती तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून ही तावदानं बनवली गेली. हाच शिंपला वास्कोजवळच्या चिखलीच्या खाडीत आजही आढळतो, पण तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे. कोणी ताजे आणून देतो म्हणाला तर नाही म्हणा. तुकडे घरातच शोधा: माळ्यावरची मोडकी तावदानं, मागच्या खोल्यांच्या खिडक्या. समोरची दोन तावदानं पूर्ण करण्यासाठी मागचं एक रिकामं करणं हा रास्त सौदा आहे, नोंद ठेवून. तावदान आडवं ठेवून एका बाजूची चौकट सोडवा, पट्ट्यांना क्रमांक द्या आणि शिंपले त्याच क्रमाने काढा. धुणं साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, फार तर चिमूटभर सौम्य साबण. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेव्हा लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचं आम्ल लावलं तर पृष्ठभाग विरघळून कायमचा खडूसारखा होतो. आकार कमी करायचा असेल तर काही तास पाण्यात भिजवून कात्रीने कापा, कडा बारीक पॉलिशपेपरने, तोंडाला मास्क बांधून. पापुद्रे सुटत असतील तर पॅरालॉइड बी-७२ हा राळेसारखा पदार्थ, अॅसिटोनमध्ये पाच-दहा टक्के, बारीक कुंचल्याने थेंबभर. तो पुढे कधीही अॅसिटोननेच काढता येतो. फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी काढता येत नाही. वार्निश तर नकोच, वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं.

आता सामान. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते आणि लाकूड तिला सरावलेलं असतं. ते फुटतं आर्द्रता झपाट्याने बदलली की. पाहुणे आले की चार तास एसी आणि मग बंद, असा खेळ शिसवी कपाटाच्या जडावाला उभ्या पावसाहून वाईट. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढा. जुनं पॉलिश कुठलं आहे ते न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून पाहा. चिकट झालं तर लाखेचं आहे. त्यावर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन मारू नका. लाखेचा पातळ हात पुरतो. देखभालीला मेण: मधमाशांचं मेण एक भाग, टर्पेंटाइन तीन भाग, भांडं गरम पाण्यात ठेवून आणि जवळ ज्योत नसताना विरघळवायचं. वर्षातून एकदा, फडक्याने पातळ. खुर्च्यांचं वेत तुटलं तर वेतच विणून घ्या. प्लास्टिकची पट्टी चौकटीचा ताण बदलते आणि सांधे उचकटतात.

खाली बारीक पिवळा भुसा पडत असेल तर भुंगेरा जिवंत आहे. लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर वस्तूवर पाणी धरतं. सोनेरी मुलामा असलेल्या लाकडी मूर्ती आणि चौकटी, रंगवलेल्या वस्तू यांना फ्रीझर नाही आणि ओलं फडकंही नाही. सोन्याच्या वर्खाखालचा थर पाण्यात विरघळणाऱ्या सरसाचा असतो. कोरडा मऊ कुंचला, एवढंच. चिनी मातीच्या ताटल्या तारेच्या हुकांवर टांगलेल्या असतील तर तार गंजली आहे का ते आजच पाहा.

कागदांचा गठ्ठा निघेलच: पोर्तुगीजमधली दस्तावेज, पत्रं, फोटो. ते बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातून हलवा, टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका. पणजीचं पुराभिलेख खातं आणि पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या दोन ठिकाणी अशा कागदांची जाण असलेले लोक भेटतात.

कायद्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण काम अडतं तिथेच. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, आजोबांचंच नाव असेल आणि वाटणी झाली नसेल तर पंचायतीचा दुरुस्ती परवाना मागताना सगळ्या वारसांच्या सह्या लागू शकतात. गोव्यात जोडीदाराचाही हिस्सा असतो, म्हणजे तीन भावंडं बोलण्यापुरती, तिघंही विवाहित असतील तर सह्या सहा. घर संवर्धन क्षेत्रात येतं का हे नगर नियोजन खात्यात आधी विचारा, तिथे दर्शनी बाजू बदलायला वेगळी मंजुरी लागते. परदेशातल्या भावाला आजीचा हस्तिदंती क्रूस किंवा एखादी मूर्ती आठवण म्हणून न्यायची असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित, खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. काही प्रकारच्या वस्तूंची, मूर्तीही त्यांत आल्या, नोंदणी करावी लागते. हस्तिदंताला वन्यजीव कायदाही लागतो आणि त्याची विक्री तर पूर्ण बंद. तेव्हा सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे पुढून, मागून, खालून असे तीन फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, मापं आणि खोलीचं नाव लिहा आणि त्या यादीची एकेक प्रत तिघांकडे ठेवा. काम चालू असताना काही हरवलं किंवा मोडलं तर ही यादीच दाखवता येते.